किडनी जागेवर नसते तेव्हा: वाचकांची प्रश्नोत्तरे

पाच वर्षांच्या मुलीची डावी किडनी ओटीपोटात असल्याचं सोनोग्राफीत कळलं. ऑपरेशन करून वर बसवता येईल का? (सिन्नर)

बसवायची गरजच नाही, आणि तसं करतही नाहीत. गर्भात किडनी ओटीपोटातच तयार होते आणि साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर सरकते. सरकताना खालच्या रक्तवाहिन्या गळतात, वरच्या नव्या जोडल्या जातात. वाटेत थांबलेल्या किडनीचा रक्तपुरवठा तिथलाच असतो, म्हणून ती ओढून वर नेता येत नाही.

पाहायचं ते वेगळंच. किडनी फुगली आहे का? दुसरी किडनी ठणठणीत आहे ना? रक्तदाब, लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चालतं ते सांगणारी तपासणी) पाहून घ्या. तापासह लघवीचा संसर्ग झाला किंवा सूज दिसली, तर लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते का, हे एमसीयू तपासणीत (मूत्राशयात औषध भरून लघवी करताना काढलेले एक्स-रे) कळतं. डीएमएसए स्कॅन (प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारा) करायचा असेल तर चित्रं पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी घ्यायला सांगा. फक्त पाठीकडून घेतल्यास ओटीपोटातल्या किडनीचं काम आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि घरचे विनाकारण धास्तावतात.

मुलींत याच्या जोडीला गर्भाशयाच्या रचनेत दोष असू शकतो. आत्ता गर्भाशय फार लहान आहे, म्हणून वयात येताना पुन्हा सोनोग्राफी करा. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा पाळीत असह्य दुखलं, तर थांबू नका.

माझी किडनी घोड्याच्या नालासारखी जोडलेली आहे. १२ मिमीचा खडा आहे. सातपूरला भट्टीजवळ काम करतो. लिथोट्रिप्सी (बाहेरून लहरींनी खडा फोडणं) चालेल? (सातपूर)

आधी साधा सीटी स्कॅन करून युरोलॉजिस्टना दाखवा. या किडनीत मूत्रनलिका उंचावरून निघते आणि जोडपट्टीवरून पुढून उतरते, त्यामुळे निचरा मंद असतो. खडा फुटला तरी तुकडे आतच राहू शकतात. म्हणून बऱ्याचदा दुर्बिणीचा मार्ग सुचवतात.

भट्टीजवळ घामावाटे पाणी जातं, तेव्हा किती प्यायलात यापेक्षा किती लघवी झाली ते मोजा: दिवसाला दोन ते अडीच लिटर हवी. काढलेला खडा तपासणीला द्या, फेकू नका.

आईच्या दोन्ही किडन्या उजवीकडेच आहेत. वय ६२, त्रास नाही. (पंचवटी)

क्रिएटिनिन नॉर्मल असेल आणि सूज नसेल तर उपचार नको. मात्र पोटाचं कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर हा रिपोर्ट सर्जनच्या हातात आधी द्या.

छातीच्या एक्स-रेत डावीकडे खाली गोळा दिसला, ती किडनी निघू शकते? (निफाड)

क्वचित, पण हो. सुई घालून तुकडा काढण्याआधी सीटी स्कॅन झालाच पाहिजे. छातीतली किडनी बहुधा त्रास देत नाही. छाती आणि पोटामधल्या पडद्याला जन्मजात भोक आहे का, तेही त्याच स्कॅनमध्ये पाहतात.