ब्लॉकेज ४० टक्केच होतं, मग अटॅक कसा आला?

तुमचा प्रश्न असा, की वर्षभरापूर्वीच्या अँजिओग्राफीत वडिलांना ४० टक्केच ब्लॉकेज होतं, तरी अटॅक आला. आता रिपोर्टमध्ये फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं एक प्रथिन) वाढलेलं दिसतंय, तर दोष त्याचाच का?

मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. लाल टोपणाच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं की साधारण अर्ध्या तासाने नळी आडवी केली तरी ते हलत नाही. गोठत असताना काडी फिरवली तर तिला चिवट, पांढुरके धागे गुंडाळून येतात. हे फायब्रिन. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनला थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम कापतं, त्याचे हे धागे होतात.

धमनीतही हाच प्रकार. चरबीचा थर वर्षानुवर्षं वाढतो, पण अटॅक येतो तो बहुतेकदा थर फुटल्यावर. थराच्या आत टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन भरलेलं असतं. ते रक्ताला लागलं की एकामागून एक फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिनं) जागे होतात, थ्रॉम्बिन बनतं, प्लेटलेट (गुठळी बांधणाऱ्या बारीक पेशी) चिकटतात, आणि ४० टक्के अडलेली धमनी बघता बघता पूर्ण बंद पडते. गंमत म्हणजे गुठळी हे अटॅकचं कारण की परिणाम, यावर पूर्वी वाद होता. १९८० साली अटॅकच्या पहिल्या ४ तासांत अँजिओग्राफी करून पाहिली, तेव्हा ८७ टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद सापडली!

रक्त बंद झालं की अर्ध्याएक तासात स्नायू मरायला लागतो. धमनी उघडल्यावरही गुठळीचे बारीक तुकडे पुढच्या केसासारख्या नलिकांत अडकू शकतात, म्हणून स्टेंट छान बसूनही कधीकधी तेवढा भाग उपाशीच राहतो.

आता तुमचा रिपोर्ट. फायब्रिनोजेन साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. ते यकृतात बनतं आणि सूज, संसर्ग, सिगरेट, खुद्द अटॅक, कशानेही वाढतं. अटॅकनंतर लगेच काढलेल्या आकड्यावरून त्याला आरोपी ठरवू नका. पुन्हा बघायचंच असेल तर दोनतीन महिन्यांनी, ताप-खोकला नसताना बघा.

आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना हातही लावत नाहीत, त्या प्लेटलेटला आवरतात. प्रथिनांवर चालतात हेपॅरिन, वॉरफरिन वगैरे औषधं. त्यामुळे फायब्रिनोजेन कमी आलं तरी त्या गोळ्या मनाने बंद करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर.