वाचकांचे प्रश्न : सुपरवायझरची शिवीगाळ

प्रश्न : वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं प्रेस ऑपरेटर आहे, कायम. नवे सुपरवायझर सगळ्यांदेखत शिव्या देतात, परवा कॉलर धरली. ‘जमत नसेल तर राजीनामा टाक’ हे रोजचंच. एचआरला तोंडी सांगितलं, ‘बघतो’ म्हणाले. काय करू?

उत्तर : तोंडी सांगितलेलं दफ्तरी कुठेच लागत नाही. आधी घरी एक वही करा आणि पाळी संपली की त्याच दिवशी लिहा. ‘छळ करतात’ एवढ्याने भागत नाही. ‘मंगळवार, दुसरी पाळी, ६.४०, तीन नंबरची प्रेस, डाय (साचा) बसवायला उशीर झाला म्हणून असं असं बोलले, शेजारी दोन ऑपरेटर’ असं हवं. शिवी जशीच्या तशी लिहा. लाजून टिंबं दिलीत, तर चौकशीत ती नुसती ‘रागावले’ होऊन बसते. साक्षीदाराचं नाव त्याला विचारल्याशिवाय घालू नका. न विचारता घातलेला माणूस ऐनवेळी फिरतो.

मग एका पानाचा अर्ज, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती प्रतीला टाचा. मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरून करा. निलंबन झालं की कंपनीचा आयडी बहुधा त्याच दिवशी बंद होतो. उलट शिवी देऊ नका. कारखान्यात कामाच्या जागी मोबाइलला बंदी असेल तर गुपचूप रेकॉर्डिंगही नको, नाहीतर कंपनीची चार्जशीट (गैरवर्तनाचं आरोपपत्र) तुमच्याच हातात पडते.

कॉलर धरल्याबद्दल पोलीस बहुधा अदखलपात्र नोंद करतील आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. तरी नोंदीची प्रत घ्या, घटनेची तारीख पक्की होते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात मालकाकडून बळजबरी किंवा हिंसा ही अनुचित प्रथा आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून ९० दिवस, म्हणून युनियनला किंवा कामगार वकिलाला आत्ताच भेटा. (शिवीगाळीला लैंगिक वळण असेल तर महिलांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली ३ महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी.)

राजीनाम्याचा कागद मात्र हातातही घेऊ नका, कोरा तर मुळीच नाही. दबावाखाली सही झालीच, तर तो स्वीकारला जाण्याआधी, शक्यतो त्याच रात्री, ‘सही दबावाखाली घेतली, राजीनामा मागे घेत आहे’ असा मेल टाका आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पाळीला गेटवर हजर राहा. आत घेतलं नाही, तर तेही वेळेसह लगेच मेलवर कळवा.