बाबा जिंकतायत, मग पैसे जातात कुठे?

माझ्याकडे हा प्रश्न बऱ्याचदा येतो, कधी माणूस स्वतःच विचारतो, कधी घरचं कोणी काळजीनं विचारतं, की ते पेनी ऑक्शनवाले, म्हणजे पैसे भरून बोली लावायच्या ऑनलाइन लिलावाच्या साइट असतात ना, नव्वद टक्के स्वस्तात फोन नि लॅपटॉप देणारे, ते खरं असतं का, पैसे घालावेत का त्यात? एका शब्दात हवं असेल तर नाही, घालू नका. पण नुसत्या 'नाही'नं आजवर कोणी थांबलेलं मी पाहिलं नाही, म्हणून एक केस सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत आणि त्या काकांना विचारूनच लिहितेय.

काकांना त्यांची मुलगी घेऊन आली होती. काका रिटायर्ड, आयुष्य अकाउंट्समध्ये काढलेलं, पत्त्यांत पैसे लावून खेळले नाहीत कधी, लॉटरीचं तिकीट म्हणजे मूर्खांवरचा कर असं म्हणणारा माणूस. मुलगी म्हणाली, "मॅडम, बाबांच्या खोलीत तीन ब्लूटूथ स्पीकर आहेत, दोन मिक्सर आहेत, एक ड्रोन आहे, आणि कार्डाचं बिल दर महिन्याला वाढतंय. विचारलं की म्हणतात मी फायद्यात आहे." काका शांतपणे बसले होते, मांडीवर एक वही. मुलीचं बोलून झाल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

काय सुंदर वही होती ती! तारीख, वस्तू, दुकानातली किंमत, मला पडली ती किंमत, बचत. खाली लाल शाईनं दुहेरी रेघ मारून एकूण बचतीचा आकडा. सगळं चोख. मी दोन पानं उलटली. बोली लावायला आधी विकत घ्यावे लागणारे पॅक त्यात दिसेनात, म्हणून विचारलं, "काका, यात बिडचे पॅक कुठे लिहिलेत?"

"ते वेगळं मॅडम. ती एंट्री फी."

"मग ती कुठल्या खात्यात टाकता?"

यावर ते काही बोलले नाहीत. मीही विषय तिथेच सोडला, कारण हिशेबाच्या माणसाला हिशेब शिकवायला गेलं की तो फक्त बचाव करत बसतो. म्हटलं पुढच्या वेळी कार्डाची स्टेटमेंट्स घेऊन या, आपण बघू.

आता ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी, हे चालतं कसं ते सांगते. साध्या लिलावात बोली लावायला पैसे पडत नाहीत, जिंकलात तर द्यायचे, हरलात तर घरी जायचं. इथे प्रत्येक बोली विकत घ्यावी लागते. आधी बिडचा पॅक घ्यायचा, मग एक बिड टाकली की वस्तूची किंमत एक सेंटनं वाढते आणि टायमरमध्ये पुन्हा दहा-पंधरा सेकंद भरतात. टायमर शून्यावर आला तेव्हा ज्याची बिड शेवटची, वस्तू त्याची. बाकी सगळ्यांच्या बिड गेल्या, परत काही नाही.

उदाहरण घ्या, ६०० डॉलरचा फोन आहे, एक बिड ६० सेंटची. लिलाव ४८ डॉलरवर संपला. साइट पहिल्या पानावर मिरवणार, बघा ९२ टक्के सूट! पण शून्यापासून ४८ डॉलरपर्यंत एकेका सेंटनं चढायला ४,८०० बिड पडल्या, त्यांचे २,८८० डॉलर साइटनं आधीच खिशात घातलेत, वर फोनचे ४८ वेगळे. जिंकणाऱ्यानं समजा ७०० बिड टाकल्या असतील तर त्याला तो फोन ४६८ डॉलरला पडला, शिवाय डिलिव्हरी चार्ज. म्हणजे थोडा फायदा त्याचा झाला, नाही असं नाही. पण दुसऱ्या नंबरवाल्यानं ९०० बिड टाकल्या असतील तर त्याचे ५४० डॉलर गेले आणि हातात काही नाही, आणि त्याची गोष्ट कुठल्याही जाहिरातीत येत नाही.

आणि हे फक्त माझं गणित नाही. या धंद्याचं गाजलेलं नाव म्हणजे स्वूपो, २००५ मध्ये जर्मनीत टेलिबिड नावानं सुरू झालेली साइट, २०११ मध्ये बंद पडली. नेड ऑगेनब्लिक नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं तिचे दीड लाखाहून जास्त लिलाव तपासले, ते संशोधन २०१६ मध्ये छापून आलं. वस्तूच्या किमतीच्या सरासरी दीडपटीहून जास्त पैसे साइटला मिळत होते. त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे, लिलाव जितका लांबत जाई तितका साइटचा फायदाही वाढत जाई, कारण ज्यांनी बरंच घातलंय ती माणसं उठतच नाहीत.

तर दुसऱ्या भेटीला काका आले ते स्टेटमेंट्स घेऊन नाही, एक स्वतंत्र कागद घेऊन. रात्री बसून त्यांनी स्वतःच सगळं काढलं होतं. साइटचं नाव स्टेटमेंटवर वेगळंच येत होतं, कुठल्या तरी पेमेंट कंपनीचं, त्यामुळे मुलीच्याही लक्षात आलं नव्हतं. पॅकची बेरीज त्या लाल दुहेरी रेघेच्या बचतीच्या अडीचपट भरली. मला वाटलं आता रडतील किंवा चिडतील. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या हाताखालच्या कोणी असा हिशेब दाखवला असता ना, तर मी त्याला उभा केला असता."

मी म्हटलं, तुम्ही लबाडी केली नाहीत काका, खर्च दोन ठिकाणी पडला तर डोकं तो दोन ठिकाणीच ठेवतं. पॅक घेतला तेव्हा पैसे गेल्याचं थोडं दुखलं, झालं. नंतर बिड टाकताना खिशातून काही जातच नाही, नुसता आकडा कमी होतो. साइटनं ते तसंच रचलेलं असतं, म्हणून तर पैशाऐवजी बिड. कॅसिनोत चिप्स देतात त्यामागचा डाव हाच.

मग मी त्यांना म्हटलं की मला दाखवा कसं खेळता. लॉगिन नको, तोंडी सांगा. आणि हे बघण्यासारखं होतं. ते सांगायला लागले, दहा, नऊ, आठ, आणि उजव्या हाताचा अंगठा टेबलाच्या कडेवर येऊन थांबला, चार, तीन, आता दोनला टाकायची, आणि अंगठा खाली आला. टेबलावर. त्यांचं त्यांना कळलंही नाही. मग म्हणाले तो एक आयडी आहे, तो नेहमी एकला टाकतो, दुसरा एक आहे तो अकरानंतर झोपतो, एक बाई असावी बहुतेक, ती फक्त किचनच्या वस्तूंवर येते. डोळे चमकत होते बोलताना! घरात त्यांच्याशी रात्री नऊनंतर कोणी बोलत नव्हतं, आणि इथे त्यांना माणसं ओळखता येत होती, अंदाज बांधता येत होते, आपण अजून तल्लख आहोत असं वाटत होतं. (समोरचे ते आयडी खरी माणसं आहेत की ऑटो-बिड लावून कोणी झोपलंय की साइटचेच बॉट, हे बाहेरून कळायला काही मार्ग नसतो, पण त्या दिवशी मी ते बोलले नाही.)

सगळ्यात जास्त पैसे कुठे गेले विचारलं तर एकच लिलाव निघाला, लॅपटॉपचा. नातवाला द्यायचा होता. रात्रभर चालला. "मध्येच कसं सोडणार मॅडम, इतक्या बिड टाकल्या होत्या." पॅक संपला, दुसरा घेतला, तोही संपला. पहाटे दुसऱ्याच कुणाला गेला.

मी विचारलं, "काका, एखादं येणं बुडीत आहे हे नक्की झाल्यावर तुम्ही काय करत होतात?"

"बुडीत खात्यात टाकायचं. अजून काय?"

"आधी खूप दिलंय म्हणून अजून थोडं द्यायचं नाही?"

हसले. म्हणाले, कळतंय तुम्ही कुठे नेताय ते.

या भानगडीवर जुनं संशोधन आहे. मार्टिन शुबिक नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७१ मध्ये एक खेळ मांडला, एका डॉलरचा लिलाव करायचा, पण अट अशी की जिंकणारा तर पैसे देणारच, दुसऱ्या नंबरवाल्यानंही आपली बोली भरायची. मग काय होतं, बोली डॉलरच्या वर जाते, कारण दुसऱ्या नंबरवर कोणाला राहायचं नसतं. पेनी ऑक्शनमध्ये तर दुसराच काय, शेवटच्या नंबरवालाही भरतो. गेलेल्या पैशापायी अजून पैसे टाकणं हा काकांचा काही खास दोष नाही, शिकलेल्या, हिशेबी माणसांनाही हे होतं, उलट हिशेबी माणसाला अर्धवट सोडणं जास्त जड जातं असा माझा अनुभव.

पण टेबलावर बसून कळणं वेगळं आणि टायमर दोनवर असताना कळणं वेगळं. दोन सेकंदांत कोणी विचार करत नाही, माझ्याकडून कितीही ऐकून गेला तरी. म्हणून निर्णय तिथे घ्यायचाच नाही, पॅक घेताना घ्यायचा, आणि पॅक घेणं अवघड करून ठेवायचं. आम्ही ठरवलं ते एवढंच, साइटवर सेव्ह केलेलं कार्ड काढून टाकायचं, कार्ड रात्री मुलीच्या कपाटात, आणि पॅक घ्यावासा वाटला तर वहीत लिहायचं, घ्यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर. बंदी नाही. बंदी घातली असती तर त्यांनी दुसरं कार्ड काढलं असतं, असे लोक मी पाहिलेत.

वहीत एक रकाना वाढवला, 'पॅकसह पडलेली किंमत'. तोही त्यांनी जुन्या नोंदींना मागे जाऊन भरला. एका स्पीकरपुढचा आकडा बघून स्वतःच म्हणाले, एवढ्यात दुकानातून दोन आले असते.

मध्येच त्यांनी एक मुद्दा काढला, बरेच जण काढतात. काही साइटवर हरल्यावर ती वस्तू 'आता विकत घ्या' म्हणून घेता येते, आणि वाया गेलेल्या बिडचे पैसे किमतीतून वजा होतात. मग तोटा कुठे? तोटा असा की वजा होतात ते साइटनं लावलेल्या किमतीतून, आणि ती किंमत बाहेरच्यापेक्षा जास्त असू शकते, आधी तपासून बघा. शिवाय जी वस्तू तुम्ही दुकानातून कधीच घेतली नसती ती आता पैसे वाचवायला म्हणून घेताय. ड्रोन तसाच आला होता घरात. तरी सगळ्यांत कमी नुकसानीचा मार्ग तोच आहे, हे मान्य.

मुलीचा प्रश्न होता, हे व्यसन आहे का? मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या पुस्तकात जुगाराच्या विकाराचे नऊ निकष आहेत, वर्षभरात चार लागू पडले तर निदान होतं. पेनी ऑक्शन असं वेगळं नाव तिथे नाही, पण निकष लावून बघता येतात, हरलेलं भरून काढायला पुन्हा जाणं, घरी खोटं बोलणं, थांबायचं ठरवून थांबता न येणं, उदास असताना खेळायला जाणं, पैशासाठी दुसऱ्यांपुढे हात पसरणं, असे. काकांना पहिला स्पष्टच लागू होता आणि उदासीचा थोडा. कर्ज नव्हतं, घरी लपवाछपवी म्हणावी तर ती वही सगळ्यांसाठी उघडी होती. तुमच्या घरी कोणी उधार घेऊन पॅक घेत असेल, किंवा बिलं लपवत असेल, तर वहीबिही करत बसू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. आणि गुपचूप त्यांचं कार्डाचं बिल भरू नका, ते पुढच्या पॅकला जागा करून देणं होतं.

मुलीला मी एक काम दिलं. "आज काही जिंकलात का बाबा" हे घरात कोणी विचारायचं नाही, कारण तेच ऐकायला तर ते जिंकत होते. त्याऐवजी रात्री नऊनंतर अर्धा तास कोणीतरी त्यांच्याजवळ बसायचं, ऑक्शनचा विषय न काढता. तिला हे पॅकपेक्षा महाग वाटलं, तसं बोललीसुद्धा. नोकरी, घर, मुलगा, कुठून आणू अर्धा तास? मग नातवाचा अभ्यास आजोबांच्या खोलीत हलवला. गणिताचा.

उरलेल्या बिडवरून मात्र वाद झाला. खात्यात बऱ्याच बिड पडून होत्या आणि काकांना त्या वाया घालवणं पटेना. मुलगी म्हणे खातंच बंद करा आत्ता. मी म्हटलं त्यांना ठरवू दे. त्यांनी एका रात्री बसून सगळ्या बिड एका हेडफोनवर संपवल्या आणि हरले. मुलीचा चिडून मला फोन. मी विचारलं, नवीन पॅक घेतला का? नाही म्हणाली, वहीत लिहिलंय, सकाळी चहा झाल्यावर बघू, आणि सकाळी त्यावर काट मारलीय. मग काकांनी साइटला मेल करून खातं बंद करायला सांगितलं, त्यांनी शंभर बिड फुकट देऊ केल्या, थांबा म्हणून. तो मेल त्यांनी मला पुढच्या भेटीत वाचून दाखवला आणि म्हणाले, "बघा, एंट्री फी माफ करतायत."