रिकव्हरी डीव्हीडीवरून (लॅपटॉप कंपनीची, विंडोज पुन्हा बसवायची डिस्क) नव्या हार्ड डिस्कवर विंडोज ७ बसेल का? लॅपटॉपखालच्या स्टिकरवरची प्रॉडक्ट की (विंडोजचा परवाना क्रमांक) पुसली गेली आहे.

हो, बसेल, आणि की टाकावी लागणार नाही. कंपनीच्या रिकव्हरी डिस्कमध्ये तिची स्वतःची की आणि सर्टिफिकेट असतं. ते मदरबोर्डच्या बायोसमधल्या (लॅपटॉप चालू करताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) खुणेशी जुळलं की विंडोज ७ इंटरनेटशिवायच ॲक्टिव्हेट होतं, म्हणजे परवाना मान्य होतो. हार्ड डिस्क बदलल्याने त्यात फरक पडत नाही. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपच्या डिस्क मात्र मागून आणू नका, त्या चालत नाहीत. मी कोल्हापुरात राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्ती करतो, आणि काम अडतं ते बहुतेक वेळा कीमुळे नाही, रिकव्हरी डीव्हीडीमुळे. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या डीव्हीडीवर पांढरट थर धरतो. आधी डीव्हीडी उजेडात तिरकी धरून बघा आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल अजिबात नको. मग:

- बॅटरी आणि चार्जर दोन्ही जोडलेले ठेवा. मध्येच लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.
- बूट मेनूतून (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी) डीव्हीडी निवडा आणि मागेल त्या क्रमाने डीव्हीडी घाला.

रिकव्हरीत सहसा हार्ड डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. तुमची हार्ड डिस्क नवी आहे म्हणून चिंता नाही, पण यूएसबीला जोडलेलं सगळं आधी काढून ठेवा. एक मात्र लक्षात घ्या: विंडोज ७ चे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झालेत, त्यामुळे या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करू नका.