पहिली डेकवाली कनू घेताना

प्रिय मित्रा,

कुठली सी-वन, म्हणजे वरून डेकने झाकलेली एकट्याची कनू, घेऊ, असं विचारलंस. मॉडेल मागाहून बघू, आधी तुझ्या गुडघ्यांचं बोलू.

उघड्या कनूत तुझी बरीच वर्षं गेली. इथे अमेरिकेतल्या नॅन्टाहाला नदीवर तू पाणी कसं वाचतोस ते मी पाहिलंय. सी-वनमध्येही गुडघ्यांवरच बसायचं, एकाच पात्याचं वल्हं, हातांची पकड न बदलता ते नाकावरून दुसऱ्या बाजूला नेऊन मारायचा तोच क्रॉस-बो. तरी पहिले काही दिवस नवशिक्यासारखा पालथा पडशील, आणि दोष बहुतेक वेळा बैठकीचा असेल. माझं उघड्या कनूतलं सॅडल, म्हणजे गुडघे टेकून ज्यावर बसतो ती फोमची बैठक, साडेआठ इंच उंच होतं, सी-वनमध्ये ते सहावर आलं. अडीच इंच म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण घोटे जमिनीला चिकटतात आणि मांड्यांखालचं रक्त अडतं. जेवणानंतर आपण वज्रासनात बसतो ना, तसा घरी बस. फक्त नदीवरचे बूट घालून, घड्याळ लावून, वीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला मुंग्या आल्या तर बुटक्या डेकच्या होड्यांचा नाद सोड.

मी हे केलं नाही. माझी पहिली सी-वन म्हणजे स्वस्तात मिळालेली जुनी स्लॅलमची, टांगलेल्या फाटकांमधून वळत जायच्या शर्यतीची होडी. चार मीटर लांब, कडा धारदार, शेपूट पापडासारखं चपटं. तिला घेऊन थेट ओकोईवर गेलो. 1996 च्या ऑलिंपिकचं स्लॅलम जिथे झालं तीच नदी; मी तिच्या खालच्या टप्प्यात होतो, एवढंच शहाणपण. पहिल्याच एडीत, म्हणजे खडकामागच्या उलट्या प्रवाहात, वळताना शेपूट पाण्याखाली गेलं, नाक आभाळाकडे. दोनदा उलटलो आणि रोल मारून सुलटा झालो, तिसऱ्यांदा बाहेर पडलो. काठावर उभा राहायला गेलो तर पायच नाहीत! चिखलात बसकण मारली आणि शेजारून राफ्टमधली शाळकरी मुलं हात हलवत गेली.

म्हणून स्लॅलमची होडी पहिली नको, कितीही देखणी असली तरी. लाटांवर कसरती करायची प्लेबोटही नको. नवी प्लॅस्टिकची सी-वन आता जवळजवळ मिळतच नाही. जुन्यांत पर्सेप्शनची जायरोमॅक्स किंवा डॅगरची ॲटम कुणाच्या तरी गॅरेजात निघते. मिळाली तर तळ दाबून बघ, सॅडलखालचं प्लॅस्टिक चिरलंय का ते टॉर्च मारून बघ. नाहीतर सरळ एखादी पोटाशी भरदार, शेपटाला जाड अशी कयाक घे, तुझ्या वजनाला कंपनी सांगते त्यापेक्षा एक माप मोठी. गुडघ्यांवर बसलं की अंगाचा भार वर जातो, तो त्या मापाने सांभाळला जातो. आतली सीट काढायची आणि मिनिसेल फोमचं सॅडल बसवायचं.

इथे घाई करू नकोस. फोम आधी नुसता टेपने चिकटव, शांत पाण्यात जा आणि कुणाला तरी काठावरून बाजूने बघायला सांग. नाक वर दिसलं तर सॅडल बोटभर पुढे, नाक खाली गेलं तर मागे. मी चार फेऱ्या मारल्या होत्या. मगच गोंद लाव. मांडीचे पट्टे एका हिसक्यात सुटणारेच हवेत. उलटं लटकून, डोळे मिटून, डाव्या हाताने सोडून बघ, मग उजव्या. बूट सॅडलमागे अडकतो का तेही तेव्हाच कळतं. होडी तरंगत राहावी म्हणून मागच्या भागात एअरबॅग भरायला विसरू नकोस. वल्हं दोनेक इंच आखूड कर, नाहीतर खांदा दुखेल.

एक गोष्ट मात्र तुला जड जाईल. होडीत पाणी नको म्हणून उघड्या कनूवाला लाटेच्या कडेकडेने कोरडी वाट शोधतो. डेक आला की ती चिंता संपते, लाट अंगावरून जाऊ दे. पण तुझी ती कोरडी वाट शोधायची सवय ठेव. मी ती सोडली आणि दोन उन्हाळे जिथे तिथे सरळ घुसत राहिलो. होडी निघायची, मी मात्र नदी बघायचंच विसरलो होतो.

गावी जाशील तेव्हा कुंडलिकेवर कोलाडला जरूर जा. भिऱ्याच्या वीजघराचं पाणी सुटलं की तीही आपल्या नॅन्टाहालासारखीच धावते. फक्त पाणी इथल्यासारखं हाडं गोठवत नाही.

कयाक सापडली की शनिवारी माझ्याकडे घेऊन ये. फोम आणि करवत आहे. गोंद मी लपवून ठेवतो.

तुझा,
काका