इंजिन बंद पडलं तर आधी पाय की आधी ट्रिम?

प्रश्न : माझा पोरगा बारावीले आहे, पायलट व्हायचं म्हणते. मोबाईलवर विमान उडवते, एक इंजिन बंद पडून विमान कलंडलं की लगेच ट्रिमचं बटन दाबत राह्यते. खऱ्या विमानात बी असंच करतात काय जी?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही भाऊ, आधी पाय. बंडीचा एक बैल ढिला पडला की बंडी त्याच्याकडेच वळते ना, तसं विमानाचं नाक बंद इंजिनाकडे वळतं, मग चालू इंजिनाच्या बाजूचं रडर पेडल (रडर म्हणजे शेपटीवरची उभी पट्टी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी) पायानं दाबायचं, हातातलं व्हील सरळ होईपर्यंत, आणि विमान स्थिर झालं की मग रडर ट्रिमचा नॉब फिरवायचा म्हणजे पेडल तिथंच राहतं, पाय दुखत नाही. ट्रिमचं काम एवढंच, हातापायावरचा भार काढणं. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची पट्टी, विमान एका बाजूला कलवणारी) किंवा रडर जाम झाला असेल तर ट्रिमनं तो सुटत नाही. आणि रडरचं काम एलेरॉन ट्रिमवर भागवलं तर पंख सरळ दिसतात पण विमान तिरपंच चालतं.

ऑटोपायलट (विमान आपोआप उडवणारी यंत्रणा) चालू असताना जास्त सांभाळा, कारण तो गुपचूप एलेरॉननं तोल धरून ठेवतो, पायलटला वाटतं सगळं ठीक आहे. 1985 मधे चायना एअरलाइन्सच्या बोइंग 747 विमानाचं उजवीकडचं शेवटचं इंजिन गेलं, रडर दिलाच नाही, ऑटोपायलट बंद केला आणि विमान उलटं होऊन 41,000 फुटांवरून साडेनऊ हजारांपर्यंत आलं! सगळे वाचले. 2011 मधे जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजच्या बोइंग 737 मधे को-पायलटनं कॉकपिटचं दार उघडायच्या स्विचऐवजी रडर ट्रिमचा नॉब फिरवला, ऑटोपायलट उलटा जोर लावत राहिला, तो पुरेना तेव्हा विमान 130 अंशांच्या वर कलंडलं. 737 वर तर ऑटोपायलट चालू असताना एलेरॉन ट्रिम वापरायला बंदी आहे, त्याचे स्विचही दोन आहेत, दोन्ही सोबत दाबल्याशिवाय चालत नाहीत.

एअरबस ए320 मधे मात्र पायलटला एलेरॉन ट्रिमच नाही. रडर ट्रिम आहे, पण ऑटोपायलट चालू असला की ते तो स्वतःच करतो, नॉब फिरवून काही होत नाही. पोराला विचारा तो कोणतं विमान उडवतो, 737 असेल तर आधी पेडलवरच हात बसू द्या.