निचरा, पाझर आणि ‘पाण्याचा निकाल’

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका वाचकांचा भाचा चंद्रपूरकडे कोळशाच्या खुल्या खाणीत नोकरीला आहे. कामगारांसाठीच्या फलकाचा मजकूर त्याने मामांकडे तपासायला पाठवला: ‘डंपच्या पायथ्याशी पाण्याचा निचरा होताना दिसल्यास कळवा.’ (डंप म्हणजे खाणीतून काढलेल्या माती-दगडांचा ढीग.) मामांनी ‘निचरा’ खोडून ‘निकाल’ केले आणि आता विचारतात, बरोबर ना?

नाही. पाण्याचा निकाल गुजरातीत होतो. मराठीत निकाल लागतो तो परीक्षेचा नाहीतर खटल्याचा. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या काढल्या तरी एवढा भेद राखायलाच हवा; दांडिया बाजारातसुद्धा हल्ली ‘गच्चीवरच्या पाण्याचा निकाल’ कानावर येतो. पण भाच्याचा ‘निचरा’ही इथे चालायचा नाही. त्याला हवा आहे पाझर.

आणि काय शब्द आहे हा! ‘पा म्हणजे पाणी, ते झरते तो पाझर’ अशी फोड सर्रास सांगतात, ती साफ चूक. बाराव्या शतकात आपल्याच गुजरातेत, पाटणला, हेमचंद्राचार्यांनी प्राकृताचे व्याकरण रचले. संस्कृत ‘क्षर्’ (झरणे) धातूच्या जागी प्राकृतात काय काय येते, ते त्यांनी एका सूत्रात दिले आहे: खिर, झर, पज्झर, पच्चड, णिच्चल, णिट्टुअ. ‘झर’ म्हणजे आपला झरा, ‘पज्झर’ म्हणजे पाझर. त्याच क्षर्‌ला नकार जोडला की अक्षर, न झरणारे. दगडाला फुटणारा पाझर आणि पाटीवरचे अक्षर एका धातूचे!

त्या सूत्रातला ‘णिच्चल’ही पाहा. निचरा त्याचाच असावा, असे मला वाटते. ल आणि र यांची अदलाबदल काही नवी नाही. आमचे एक व्यासंगी स्नेही ‘निस् + चर्’ धरून बसले आहेत. चर् म्हणजे चालणे, फिरणे. भिजल्या मातीतून थेंबाथेंबाने उतरणाऱ्या पाण्याला चालणे कोण म्हणेल? ध्वनी जुळला म्हणून अर्थ वाऱ्यावर सोडायचा नसतो.

खाणीत हा भेद जिवाशी येतो. कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचा, त्यांच्या भाषेत ओबीचा, ढीग कणांमधल्या घर्षणावर उभा असतो. आत पाणी साठले की त्याचा दाब कणांना एकमेकांवर नीट टेकू देत नाही, घर्षण घटते आणि उतार सरकतो. म्हणून ढिगाच्या पायऱ्या आतल्या बाजूला कलत्या ठेवतात, भोवती गारलँड ड्रेन, म्हणजे ढिगाला वळसा घालणारा चर, खणतात. असे आपण वाट काढून दिलेले पाणी जाते, तो निचरा. आतले पाणी आपण होऊन पायथ्याशी फुटते, तो पाझर. वेल्समधल्या ॲबरफॅनला कोळसाखाणीचा सात नंबरचा ढीग झऱ्यावरच रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तो शाळेवर आणि घरांवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले.

तेव्हा फलकावर लिहा: ‘डंपच्या पायथ्याशी नवा पाझर दिसला की लगेच कळवा. पाणी गढूळ येत असेल तर खाली थांबू नका.’ गढूळ पाणी आले म्हणजे ढिगातली बारीक माती त्याच्याबरोबर वाहून चालली आहे.